आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवताना: टेकलं म्हणजे उतरलं नव्हे

गच्चीवरचा पतंग

मंडळी, इथे मी जास्त करून वाचनमात्र असतो, पण गेल्या शनिवारी जे झालं ते कुणालातरी सांगितल्याशिवाय झोप लागेना आणि बायकोला सांगायची सोय नाही (का ते पुढे कळेलच), म्हणून धागा काढतोय. विमानवाले कुणी असतील तर शिव्या घाला, पण उत्तरं द्या.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, मागच्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं, सगळे मिळून ११० तास झालेत. विमान क्लबचं, सेसना १७२, चार सीटचं. रिकामं वजन साधारण साडेसातशे किलो, म्हणजे आपल्या स्विफ्टपेक्षाही हलकं, आणि पंख मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ फूट. एवढं हलकं आणि एवढं पसरलेलं काहीही वाऱ्यात धरायचं म्हणजे काय ते ज्यांनी गच्चीवर एकट्याने ताडपत्री बांधलीय त्यांना कळेल.

आमच्या मॅकिनीच्या विमानतळाला एकच रनवे, १८-३६ (म्हणजे १८० आणि ३६० अंश), सरळ दक्षिणोत्तर. टेक्सासात वारा बहुतेक दिवस दक्षिणेचा, त्यामुळे रनवेची दिशा बरोबरच आहे, पण मार्च-एप्रिलात वाऱ्याला कोण सांगणार. शनिवारी मेव्हण्याला फिरवून आणलं, पुण्याहून आलाय. परत येताना टॉवरने सांगितलं, वारा २३० अंशांवरून १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी), झोत २० पर्यंत. रनवे १८० चा, फरक ५० अंश, वारा उजवीकडून. आडवा हिस्सा साधारण ११ नॉट आणि झोत आला की १५. विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १५ च आहे, म्हटलं बसतंय.

फायनलवर (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) नाक उजवीकडे वाऱ्यात वळवून खेकड्यासारखं तिरकं आणलं. मेव्हणा म्हणतो, "दाजी, रनवे तुमच्या बाजूला राहिला की, आपण कुठे चाललोय?" म्हटलं गप बस, असंच असतं. खाली आल्यावर डाव्या रडरने (शेपटीचं सुकाणू, ते पायाने हलतं) नाक सरळ केलं, योक (विमानाचं स्टेअरिंग) उजवीकडे वळवून उजवा पंख वाऱ्यात खाली धरला, उजवं चाक आधी टेकलं, मग डावं, मग नाकाचं. पुस्तकात चित्र असतं ना तसं. मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या. आणि मी मूर्खाने खूश होऊन योक सरळ केला.

पुढचे तीनचार सेकंद मला नीट सलग आठवत नाहीत. झोत आला असणार. उजवा पंख उचलला गेला, उजव्या चाकाखालचा आवाजच बंद झाला, आणि विमान स्वतःच्या मनाने उजवीकडे वळून कडेच्या पांढऱ्या दिव्यांकडे निघालं. डावा पाय पूर्ण खाली, योक पुन्हा उजवीकडे ठोकला, पंख बसला, टायर ओरडले, एक दिवा पंखाखालून मागे गेला एवढं दिसलं. थांबलो तेव्हा उजवं चाक डांबराच्या कडेपासून दोन हातांवर. टॉवरने विचारलं मदत हवी का, मी नको म्हटलं, तो आवाज माझा नव्हता.

तर प्रश्न असे की योक वाऱ्यात नेमका किती वेळ धरायचा, आणि तो १५ चा आकडा खरा की खोटा?

सरळरेषा

बापरे. एका दमात वाचलं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तिरकी चाल

पंख शाबूत, मेव्हणा शाबूत, आधी अभिनंदन पतंगराव. मी भारतात सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करून काही वर्षं छोट्या विमानांवर शिकवत होतो, आता मोठी उडवतो, तरी १७२ चं नाव काढलं की पाय आपोआप हलतात.

तुमची चूक एकच आणि ती सगळे करतात. टेकल्यावर मन म्हणतं झालं, आणि हात सैल पडतात. पण वाऱ्याच्या बाजूने बघा. विमान ६० नॉटने पळत होतं तेव्हा एलेरॉनवरून (पंखाच्या टोकाकडच्या, योकने हलणाऱ्या पट्ट्या) भरपूर हवा जात होती, थोडा योक वळवला तरी पंख खाली राहत होता. वेग कमी झाला तसा एलेरॉनचा जोर गेला, बाजूचा वारा मात्र तेवढाच आहे. म्हणजे योक कमी नाही, जास्त जास्त वळवत जायचा. चालण्याच्या वेगाला याल तेव्हा तो पूर्ण टेकेपर्यंत वाऱ्याकडे वळलेला पाहिजे. माझे विद्यार्थी सरळ करायचे तेव्हा मी काही बोलायचो नाही, नुसता योककडे बोट दाखवायचो.

आणि विमान उजवीकडेच का वळलं? कारण शेपटीचं उभं पातं मागे आहे, चाकं पुढे. वारा त्या पात्याला ढकलतो, शेपूट वाऱ्यामागे जाते, नाक वाऱ्याकडे येतं. देवळाच्या नाही पण जुन्या बंगल्यांच्या छपरावर तो वातकुक्कुट असतो ना, तेच. पंख उचलला गेला की त्या बाजूच्या चाकाची पकड जाते, मग तर काय रानच मोकळं.

टॅक्सी करतानासुद्धा विसरायचं नाही. वारा पुढून तिरका असेल तर योक वाऱ्याकडे, मागून तिरका असेल तर वाऱ्यापासून लांब आणि योक पुढे दाबलेला. पंख वर असलेली विमानं लोकांनी हॅंगरसमोर, चालण्याच्या वेगात पालथी घातली आहेत.

खाडीकाठची

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही पण एक सांगते. आमच्याकडे पूल नव्हता तेव्हा तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, असायची. ओहोटीची ओढ असली की तरवाला होडीचं तोंड पलीकडच्या धक्क्यावर कधीच धरायचा नाही, धक्क्याच्या बरंच वरच्या अंगाला धरायचा आणि होडी तिरकी तिरकी जात बरोब्बर धक्क्याला लागायची. नवीन माणूस घाबरायचा की हा नेतोय कुठे. तुमच्या मेव्हण्यासारखाच. हेच ना?

गच्चीवरचा पतंग

@खाडीकाठची, अगदी हेच! एवढी सोपी उपमा माझ्या इन्स्ट्रक्टरला दिली पाहिजे. फरक इतकाच की होडीला चाकं नसतात. तिरकी लागली तरी धक्क्याला घासते आणि थांबते. विमान तिरकं टेकलं तर चाकं एकीकडे बघतायत आणि धूड दुसरीकडे सरकतंय, मग सगळा आडवा मार चाकांच्या दांड्यावर येतो.

@तिरकी चाल, धन्यवाद सर. योक पूर्ण टेकेपर्यंत हे वाचलं होतं, पण वाचलेलं आणि हाताला माहीत असलेलं यात तो एक पांढरा दिवा आहे.

मुक्काम पोस्ट विदर्भ

सहमत. पण याचं मूळ ट्रेनिंगमध्ये आहे असं माझं मत. मी आपल्याकडेच एका ठिकाणी केलं, नाव नको. आमची बहुतेक उड्डाणं सकाळी सहा ते नऊ, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो आणि दुपारी मे महिन्यात जमीन तापली की शिकायचं छोटं सेसना १५२ भाकरीसारखं वरखाली फुगतं. त्यामुळे २०० तास भरले, लायसन्स हातात आलं, पण त्यातला खरा आडवा वारा किती म्हणाल तर बोटावर मोजण्याइतका. पावसाळ्यात खरं तर चांगली संधी असते, वारा पश्चिम-नैऋत्येचा ठरलेला. बारामतीचा रनवे ११-२९ आहे, वारा २५० वरून आला तर ४० अंशांचा तिरका, शिकायला आयता. पण ढग खाली असतात नाहीतर पाऊस, मग उड्डाणच रद्द.

अवांतर: १५२ चा आकडा १२ आहे, डायमंड डीए-४० चा २०. त्यामुळे डायमंडवर शिकलेली मुलं १५२ मध्ये बसली की जरा जास्तच बिनधास्त असतात.

हिशोबनीस

हे आकडे ठरवतं कोण? आणि २३० वरून १४ म्हणजे ११ आडवा हे तुम्ही उडता उडता काढता का? साइन कोसाइन?

तिरकी चाल

@हिशोबनीस, साइनच, पण घड्याळाची युक्ती आहे. वारा आणि रनवे यातला कोन म्हणजे मिनिटं समजा. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, तर १५ अंशाला पाव वारा आडवा. ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० च्या पुढे सगळाच. पतंगरावांचे ५० अंश म्हणजे १४ च्या पाचषष्ठांश, बाराच्या आसपास. खरं उत्तर अकराच्या जवळ, पण चूक सुरक्षित बाजूला होते त्यामुळे चालतं. एक लक्षात ठेवा, टॉवर सांगतो तो वारा चुंबकीय उत्तरेवरून, रनवेचा आकडाही तसाच, ते थेट वजा करायचे. छापील मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा खऱ्या उत्तरेवरून असतो, तिथे थोडा फरक पडू शकतो.

आता तो १५. त्याचं पूर्ण नाव 'दाखवलेला' आडवा वारा. म्हणजे कंपनीच्या टेस्ट पायलटने चाचण्यांमध्ये एवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं. १७२ च्या पुस्तकात ती मर्यादा म्हणून दिलेलीच नाही. ही विमानं ज्या नियमांखाली पास झाली त्यात किमान एवढंच मागितलंय की स्टॉल स्पीडच्या (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) २० टक्के आडवा वारा विमानाला झेपला पाहिजे, १७२ साठी ते दहा नॉटसुद्धा होत नाही. म्हणजे विमान १५ च्या वर कोसळतं असं नाही आणि १५ च्या खाली तुम्ही सुरक्षित आहात असंही नाही. तो आकडा टेस्ट पायलटचा आहे. तुमचा आकडा ११० तासांच्या हातांचा, आणि तो झोतासकट धरायचा. झोत १५ म्हणजे १५ चं लॅंडिंग, ११ चं नाही.

आडवातिडवा

मला कळत नाही वाऱ्याकडे तोंड करूनच रनवे का बांधत नाहीत. एवढी अक्कल नाही का सरकारला. बाकी हे श्रीमंतांचे छंद, चालू द्या.

हडपसरचा घार

@आडवातिडवा, वारा एका जागी बसत नाही हो. पण प्रश्न तुम्हाला वाटतो तितका वेडगळ नाही. सुरुवातीच्या काळात एरोड्रोम म्हणजे मोकळं मैदान असायचं, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा आणि वाऱ्याकडे तोंड करून हवं त्या दिशेने उतरायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून, त्या काळातली गोष्ट. पुढे विमानं जड झाली, पक्का पट्टा लागायला लागला, आणि पट्टा म्हटला की दिशा ठरली. ज्यांच्याकडे जागा आणि पैसा होता त्यांनी दोन दिशांचे बांधले. जुहूलाच बघा, ०८-२६ आणि त्याला छेदणारा १६-३४.

मी ग्लायडरवाला, हडपसरला शिकलो. आमच्याकडे पंख एवढे लांब आणि जमिनीला एवढे जवळ की पंख खाली दाबून उतरायची फार मुभा नाही, टोक आधी टेकेल. म्हणून शेवटपर्यंत तिरकं यायचं आणि टेकायच्या क्षणी पायाने नाक सरळ करायचं. लवकर केलं तर वारा बाजूला नेतो, उशिरा केलं तर तिरके टेकता. इंजिन नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न हा प्रकार नाही. माझं मत असं की हीच पद्धत सगळ्यांनी वापरावी, पाय शहाणे होतात.

तिरकी चाल

इथे मात्र घारसाहेबांशी असहमत. ११० तासांच्या माणसाने शेवटच्या सेकंदावर सगळा जुगार का लावायचा? एअरलायनर तिरकी येतात कारण पंखाखाली इंजिनं लोंबतायत, पंख जास्त दाबला तर इंजिन घासेल, आणि त्यांचे चाकांचे दांडे थोडा तिरकेपणा सोसतात. बी-५२ बॉम्बरची तर चाकंच रनवेच्या दिशेने वळवून ठेवता येतात, नाक तिरकंच ठेवून उतरतं ते. आपल्या १७२ ला यातलं काही नाही.

मी विद्यार्थ्यांना सांगायचो की दोनतीनशे फुटांवरच खेकडा सोडा आणि पंख वाऱ्यात दाबून, उलटा रडर देऊन सरळ या, यालाच स्लिप म्हणतात. याचा खरा फायदा ऐका. एलेरॉनने बाजूला वाहणं थांबवायचं, रडरने नाक सरळ ठेवायचं, दोन्ही कामं वेगळी. आणि जर रडर पूर्ण तळाला गेला तरी नाक सरळ राहत नसेल तर वारा विमानापेक्षा मोठा आहे. हे तुम्हाला दोनशे फुटांवर कळतं, थ्रॉटल पुढे करायला भरपूर वेळ असताना. घारसाहेबांच्या पद्धतीत तेच दोन फुटांवर कळतं.

बाकी फुटकळ: फ्लॅप (पंखामागच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) पूर्ण नको, रनवे लांब असेल तर १० किंवा २० अंश पुरे. १७२ मध्ये २० च्या वर फ्लॅप ठेवून जोरात स्लिप केलं तर योक हातात थरथरतो, पुस्तकही टाळा म्हणतं. झोताचा निम्मा हिस्सा अप्रोचच्या वेगात मिळवा, १४ झोत २० असेल तर फरक ६, म्हणून ६५ च्या जागी ६८. पण घाबरून ८० ने येऊ नका, मग विमान बसतच नाही, रनवेवर तरंगत राहतं आणि तेवढा वेळ वाऱ्याला तुम्हाला ढकलायला मिळतो. आणि पायपर चालवणाऱ्यांना खास, तिथे नाकाचं चाक पेडलला थेट जोडलेलं असतं, रडर दाबलेला असताना ते टेकलं तर गाडी वळवल्यासारखं वळतं. नाक टेकवायच्या आधी पाय सरळ.

हडपसरचा घार

दोनशे फुटांचा मुद्दा मान्य, इंजिनवाल्यांसाठी. पण स्लिप आम्हालाच येतं हं नीट. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं ७६७ इंधन संपून कॅनडातल्या गिमलीला उतरलं, त्याचा कॅप्टन ग्लायडरवाला होता, एवढं मोठं धूड त्याने स्लिप करून खाली आणलं. एवढं बोलून खाली बसतो.

खाडीकाठची

भांडून भांडून धाग्याचा काश्मीर होता होता वाचला.

गच्चीवरचा पतंग

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

इन्स्ट्रक्टर बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की वाऱ्याचा अंदाज वाईट असेल त्या दिवशीचा स्लॉट घे. दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी उतरायचं नाहीच, असा नियम. रनवेवर फूट-दोन फूट उंचीवर विमान धरायचं, थोडी पॉवर ठेवून, आणि पूर्ण लांबी पंख दाबून सेंटरलाइनवर उडायचं, शेवटी वर. सात हजार फुटांचा रनवे त्यासाठी फार कामाला येतो. नेहमीच्या लॅंडिंगमध्ये हा प्रसंग चार सेकंद टिकतो, इथे अर्धा मिनिट मिळतो. पाचव्या फेरीला पहिल्यांदा जाणवलं की माझे हात आणि पाय एकमेकांना न विचारता काम करतायत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे बरं चाललं असावं.

मग परवा. एकटाच होतो. अंदाजात थंड हवेचा पट्टा संध्याकाळी येणार होता, तो दुपारी दोनलाच आला, मी हवेत असताना. वारा फिरला, ३१० वरून २२, झोत ३०. रनवे ३६, फरक तोच ५० अंशांचा, या वेळी डावीकडून. आडवा १७, झोतात २३. सरांनी सांगितल्याप्रमाणे दोनशे फुटांवर सरळ व्हायला गेलो, डावा पंख खाली, उजवा पाय पूर्ण तळाला, आणि नाक तरीही डावीकडे सरकतंय. मी खरंच मोठ्याने मराठीत म्हणालो, "नाही होत हे." थ्रॉटल पुढे, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर). दुसऱ्यांदा तसंच. दुसऱ्यांदा का केलं विचारू नका, घर जवळ दिसत होतं.

तिसऱ्यांदा केलं नाही. टाकीत अडीच तासांचं पेट्रोल होतं. डॅलसच्या दक्षिणेला डॅलस एक्झिक्युटिव्ह आहे, तिथे १७-३५ शिवाय १३-३१ असाही रनवे आहे. ३१ म्हणजे ३१० अंश. वारा ३१० वरून. मोठ्या एअरपोर्टच्या हद्दीला वळसा घालून गेलो, हिंदकळत, कॉफीचा कप मागच्या सीटवर. आणि तिथे तोच वारा सरळ नाकावर, आडवा शून्य. झोतांनी हलवलं खूप, पण टेकताना जीपीएसवर जमिनीचा वेग ४० नॉट, एवढ्या हळू मी कधी उतरलोच नाही. टेकल्यावरही योक सोडला नाही. पार्किंगपर्यंत टॅक्सी करताना वाऱ्याप्रमाणे फिरवत बसलो, तिथल्या पोऱ्याने विचारलं योकचं लॉक अडकलंय का.

विमान तिथेच बांधलं, क्लबला फोन केला, टॅक्सीने घरी. तासाभराचा रस्ता. माझा सध्याचा आकडा, झोतासकट, १२.

मुक्काम पोस्ट विदर्भ

जबरी. दुसऱ्या गो-अराउंडनंतर दिशा बदलणं याला जिगर लागते, तिसरा प्रयत्न करायला लागत नाही.

हिशोबनीस

घड्याळाची युक्ती मी आता एक्स्प्रेसवेवर वापरतोय. घाटाच्या तोंडाशी वारा आडवा आला की बायकोला सांगतो पाऊण वारा. ती म्हणते स्टेअरिंग धर.

दाजींचा साला

नवीन आयडी काढलाय, पहिलाच प्रतिसाद. तो मेव्हणा मीच. दोन दुरुस्त्या. एक, टाळ्या मी वाजवल्या नव्हत्या, वरचं हॅंडल धरायला दोन्ही हात एकदम वर गेले आणि ते सापडलं नाही. दोन, कडेपासून दोन हात नव्हतं, एक होतं, मी माझ्या बाजूने बघितलंय. बाकी वर्णन उत्तम. ताईला लिंक पाठवली आहे.

गच्चीवरचा पतंग

संपादक मंडळ, धागा अप्रकाशित करता येतो का? तातडीचं आहे.